एकेचाळीस नंबरची चूल

बसा. कोट त्या खुंटीवर अडकवा. शेजारच्या खुंटीवर माझा मफलर आहे, तो तसाच राहू द्या. तुमच्या गाडीचं इंजिन थंड व्हायला पाऊण तास लागतो आणि माझं कालवण शिजायला अर्धा, तेव्हा भोंगा वाजायच्या आत सगळं उरकेल. दिवा पाहून दचकू नका. बाहेर दुपारचे साडेबाराच आहेत. या खिंडीतलं धुकं घड्याळ मानत नाही, एवढंच.

दारात शिरताना या तुमच्याबरोबरच्या ताई म्हणाल्या की एका बाईंनी तुम्हाला ही जागा सांगितली. बरं वाटलं. इथे जोडीने येणारे सगळे तेच सांगतात. त्या बाई म्हणजे माझी बायको. ताट वाढण्याआधी प्रत्येक जोडप्याला तिची आणि माझी हकिकत सांगायची असा माझा नियम आहे. ऐका, आणि मग जेवायचं की उठायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आजवर सात जोडपी आली. सातही न जेवता उठून गेली, आणि त्यात कालवणाचा काही दोष नव्हता.

मी चौतीस वर्षं पर्यटन खात्यात कारकून होतो. खात्याचं काम लोकांना देश दाखवण्याचं, आणि कारकुनाचं काम खुर्ची न सोडण्याचं. देश तर तुम्ही बघताच आहात. बसने दोन तास गेलं की भाषा बदलते, चार तास गेलं की देव बदलतो, आणि रात्रभर गेलं तर सकाळी चहासुद्धा ओळखू येत नाही. हे सगळं एका पुस्तिकेत आणावं, कुठल्या लोकांकडे काय शिजतं आणि तिथे जायचं कसं ते छापावं, असं वरच्या कोणाच्या तरी मनात आलं. वरच्यांच्या मनात आलेलं खालच्यांच्या बोकांडी बसतं. पुस्तिकेचं नाव ठरलं ‘देश आणि ताट’, आणि तिच्यासाठी एक फिरते अधिकारी नेमले गेले.

या फिरत्या अधिकाऱ्यांना बस लागायची. रेल्वेही लागायची. होडीचं नाव काढलं तरी चेहरा पिवळा पडायचा. त्यातून पोट असं नाजूक की घरच्या मऊ भाताखेरीज काही पचत नसे. ऑफिसात आम्ही त्यांना स्थावरसाहेब म्हणत असू. पहिल्याच वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

“तुझं वाचन बरंच आहे म्हणतात.”

“आहे थोडंफार, साहेब.”

“मग लिहून टाक की! वाचलेलं कुठे तरी उपयोगी पडू दे.”

अशी मी देशभर खानावळी उघडायला सुरुवात केली. माझ्याकडे रेल्वेचं वेळापत्रक होतं आणि भिंतीवर नकाशा होता. नकाशावर जिथे काही छापलेलं नसे तिथे मी एक चूल पेटवत असे, कारण तिथे जाऊन खातरजमा करायला कोणी जाणार नव्हतं. छापील तक्त्यात चार रकाने होते. जायचं कसं, चालवतं कोण, शिजतं काय, आणि ‘विशेष’. विशेषचा रकाना कोरा ठेवू नये असं परिपत्रक होतं. मी तो कधी कोरा ठेवला नाही. नदीच्या उतारावर नावाड्यांच्या वस्तीत एक आंधळी बाई बसवली, जी मासा शिजला की नाही हे नुसतं ऐकून सांगते. समुद्रकाठी मीठ पिकवणारे बसवले, जे अन्नात मीठ घालत नाहीत. पाहुण्याने आपलं आपण घ्यावं. खाणीपाशी सीमेपलीकडून तीन पिढ्यांपूर्वी आलेले लोक बसवले, जे जेवताना एक शब्द बोलत नाहीत. चौदा वर्षांत एकेचाळीस चुली झाल्या.

आता शिजतं काय, हा रकाना मात्र अडचणीचा होता. मी जन्मात दोनच हातांचं जेवलो होतो, आईच्या आणि बायकोच्या. आणि आईचा हात आता आठवत नव्हता. आमची ही वाचनवेडी. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात उलथनं. प्रकरण रंगात आलं की कांदा लागायचा. जळायचा नाही हं, किंचित करपायचा, आणि त्या करपण्याचा एक धुरकट वास अख्ख्या कालवणाला यायचा. सदतीस वर्षं मी तेच जेवलो. माणूस जे जेवतो तेच लिहितो.

पुस्तिका छापून आली की मी तिला आणून देत असे. साहेब फिरतात आणि मी फक्त नक्कल करतो, असं तिला सांगून ठेवलं होतं. ती ओट्याशी उभी राहून मोठ्याने वाचायची, मधेच थांबून म्हणायची, “अहो, इथे जाऊ या आपण. ही ऐकून मासा शिजवणारी बाई मला बघायचीच आहे.”

“पुढच्या वर्षी नेतो.”

चौदा पुस्तिका, चौदा वेळा पुढचं वर्ष. शब्द देण्यात मी कधी कमी पडलो नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मला एक खोडी सुचली. आपण लिहितो ते कोणी वाचतं का, हे बघायचं. एकेचाळिसाव्या नोंदीला ही खिंड निवडली, जिथे इंजिन थंड करायला बस थांबते आणि नकाशावर काहीच नाही. ‘विशेष’मध्ये लिहिलं – तुम्हाला पाठच म्हणून दाखवतो – ‘दोघे आल्यास जेवणानंतर त्यांतील एक जण येथेच राहतो व चूल सांभाळतो, आधीचा मोकळा होतो. त्यामुळे ही चूल कधीही विझलेली नाही.’ मला वाटलं, कोणी तरी लाल पेन्सिलीने खूण करील, मला बोलावून झापील. पण मुद्रितं तपासली गेली, तीन सह्या झाल्या, पुस्तिका छापली गेली. वार्षिक बैठकीत मुख्य साहेबांनी ती नोंद वाचून ‘किती हृद्य प्रथा!’ असे उद्गारही काढले.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिने चौदाही पुस्तिका पिशवीत भरल्या आणि पिशवी दारात ठेवली.

“आता कुठलं पुढचं वर्ष सांगता ते बघते.”

मी गुडघे सांगून पाहिले, हवामान सांगून पाहिलं. शेवटी रेल्वेत बसल्यावर मन घट्ट केलं. “अगं, तुला एक सांगायचंय. त्या नोंदी...”

“तुम्ही घरात बसून लिहिल्यात. दुसऱ्याच वर्षी कळलं मला.”

“कसं?”

“नावाड्यांकडे करपलेला कांदा, मेंढपाळांकडे करपलेला कांदा, मिठागरातही करपलेलाच! अख्ख्या देशात एकालाही कांदा भाजता येऊ नये का हो?”

आणि ती इतकी हसली की समोरच्या बाकावरचे लोक बघायला लागले. मी ओशाळून विचारलं, “मग आपण चाललोय कुठे?”

“जिथे काही नाही तिथे काय आहे ते बघायला. नसलं काही, तर डबा आणलाय मी.”

डबा उघडावा लागला नाही.

नदीच्या उतारावर वस्ती होती. वस्तीत खानावळ होती. चुलीपाशी एक आंधळी बाई मान तिरकी करून भांड्याशी कान नेऊन बसली होती. आमची पावलं वाजली तशी ती म्हणाली, “आलात? या वेळी बाईंना घेऊन आलात ते बरं केलंत.”

मी म्हटलं, मी पहिल्यांदाच येतोय. ती हसली. उठून माझ्यापाशी आली, माझा मफलर चाचपला, आणि त्यातल्या एका भोकातून बोट आरपार काढून म्हणाली, “अजून शिवलं नाहीत?” तो मफलर हिने विणलेला आहे. तो विणतानाही ती वाचत होती आणि एक टाका सुटला, तेव्हा त्यात बोट जाईल एवढं भोक आहे. जाताना खुंटीपाशी बघा.

त्यांच्याकडे पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. त्यांच्या भाषेतले अभिप्राय, परक्या लिप्यांतले अभिप्राय, आणि अधूनमधून, दरवर्षी एक याप्रमाणे, माझ्या अक्षरात एक ओळ. ‘पुढच्या वेळी हिला आणतो.’ अक्षर माझंच. चौतीस वर्षं मी ते रोज पाहिलं होतं, मला कोण फसवणार?

हिने वही बघितली, माझ्याकडे बघितलं. “माझ्या नकळत फिरत होतात की काय?”

“कधी फिरणार? रोज साडेसहाला घरी येऊन तुझ्यासमोर जेवत नव्हतो?”

“होतात खरे,” ती हळूच म्हणाली. “मग हा कोण?”

त्या दिवशी मासा अप्रतिम होता. त्याला करपलेल्या कांद्याचा वास होता.

तुम्ही म्हणाल, तिथूनच परत का नाही फिरलात? मी तेच म्हणत होतो. पण हिला आता वेगळीच ओढ लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. चौदा वर्षं नकाशावर रंगीत ठिपके म्हणून ज्यांना मी बसवलं होतं, ती माणसं ताट वाढून समोर उभी होती. बहुतेकांची भाषा येत नसे, पण एक गोष्ट पाहिली. ‘अजून थोडं घ्या’ हे सगळ्या भाषांत हातानेच म्हणतात, आणि ‘नको’ हे कोणत्याच भाषेत ऐकू येत नाही. खाणीवरच्या त्या मुक्या पंगतीत एका म्हाताऱ्याने बोलायचं नाही म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या ताटात त्याच्या वाटणीचा तुकडा ठेवला. हे मी लिहिलेलं नव्हतं. मला जरा धीर आला की चला, यांचं स्वतःचं काही आहे.

तो धीर मिठागरात गेला. तिथली एक आजीबाई मोडकंतोडकं आपल्यासारखं बोलायची. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि शेजाऱ्यांनी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, “आमचं जेवण असं नव्हतं हो. मी पोरगी असताना निराळंच होतं. चौदा वर्षं झाली, कांदा करपतो. दोन-दोन जणी नजर ठेवतात... तरी करपतो.”

“पूर्वी कसं होतं?”

तिने पुष्कळ वेळ आठवून पाहिलं. तोंड हलवून पाहिलं, जिभेवर कुठे उरलंय का बघावं तसं. “नाही आठवत,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी त्या नोंदी लिहिल्या त्या वेळी तिथे काही नाही असंच मला वाटत होतं. नकाशावर नाही म्हणजे नाही. तिथे कोणी तरी आधीपासून शिजवत असेल, त्यांची त्यांची चव असेल, आणि आपण घरात बसून तीन ओळींत ती पुसतोय, हे कारकुनाच्या डोक्यात येत नाही. रकाना भरला की काम झालं.

जिथे जाऊ तिथे माझ्या अक्षरातला तो येऊन गेलेला असे. एकटा यायचा, मफलर घालून. शेजारची जागा रिकामी ठेवायचा. ताट बोटाने निपटून घ्यायचा, जसा मी घेतो. कोणाशी बोलायचा नाही. निघताना वहीतलं तेवढं एक वाक्य म्हणायचा. आधी ही घाबरली. मग हळूहळू, का कोण जाणे, त्याच्याबद्दल चौकशी करायला लागली. चेहरा कसा होता? थकलेला वाटायचा का? मग माझ्याकडे वळून म्हणायची, “कोणी तरी शब्द पाळायला निघालं होतं म्हणायचं!” थट्टाच होती, पण मला ती लागली. सदतीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा कोणाचा तरी हेवा वाटला, तोही माझाच.

तुमची हरकत नसेल तर झाकण जरा किलकिलं करतो. हं.

अशा आठ-दहा जागा पाहून झाल्यावर ही म्हणाली, “आता एकेचाळीस.”

“ती राहू दे. उरलेल्या तीस करू आधी.”

“का? ती तर माझी सगळ्यात आवडती. चूल कधीच विझत नाही म्हणे.”

“विशेष वाचलंस ना त्यातलं?”

“ते तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत.”

“अगं, सगळंच गंमत म्हणून लिहिलं होतं.”

तिने पिशवीचे बंद बांधले. मग म्हणाली, “मी जाणार. तुम्ही खाली स्टँडवर थांबा हवं तर.” तिला एकटीला कसं पाठवणार? खरं तर पाठवायला हवं होतं. एकट्याला काही होत नाही. नियम दोघांपुरता आहे. एकटे ड्रायव्हर येतात, तिघं-चौघं विद्यार्थी येतात, त्यांना मी आळीपाळीने, आग्रह करकरून वाढतो. पण तेव्हा ते सुचलं नाही. नियम करणाऱ्याला पळवाट शेवटी सुचते.

तर आम्ही आलो. अशीच दुपार होती, असंच धुकं. बसमधून उतरलो तर दार दिसलं, आणि आत पाऊल टाकताच मी थबकलो. आधीची ठिकाणं भरलेली होती, माणसांची, वस्तूंची, पोरांची, कोंबड्यांची. हे घर म्हणजे मी जेवढं लिहिलं होतं तेवढंच होतं. एक चूल, एक टेबल, दोन ताटं. खिडकी मी लिहिली नव्हती. बघा सभोवार, दिसते का? खुंट्या मी नंतर ठोकल्या.

चुलीपाशी एक म्हातारा होता. ॲप्रन बांधलेला, पाठ आमच्याकडे. दोन ताटं वाढली. आम्ही जेवलो. कालवणाचा पहिला घास घेतल्यावर ही म्हणाली, “हा अगदी माझाच हात आहे हो.” म्हातारा त्यावर एकदाच वळला आणि तिच्याकडे असं बघत राहिला, जसं आपण स्टेशनात येणाऱ्या गाडीकडे बघतो.

ताटं निपटून झाली. त्याने ॲप्रनची गाठ सोडली, नीट चार घड्या घातल्या, आणि तो टेबलावर आम्हा दोघांच्या बरोबर मधे ठेवला.

“कोण?” त्याने विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. हिने मात्र ॲप्रनकडे हात नेला.

“अगं, काय करतेस...”

“तुम्हाला चहा तरी येतो का करायला? इथे उपाशी मराल आणि येणाऱ्यालाही माराल.” असं म्हणताना ती हसत होती. “माझं काय, हो... इथे काय नि तिथे काय. चूलच ना?”

त्या एका वाक्याने मी उठलो. सदतीस वर्षं ती चुलीपाशी उभी होती, आणि मी चुलीसमोर बसून तिला देश वाचायला देत होतो. मी तो ॲप्रन ओढून घेतला. गाठ मागे बांधता येईना, तर शेवटी तिनेच बांधून दिली.

“तू जा. उरलेल्या तीस बघ. पुस्तिका आहेत तुझ्यापाशी.”

“आणि तुम्ही?”

“मी बघतो काही तरी. प्रथा मीच लिहिलीय, तोडही मीच काढीन.”

ती दारात थांबली. मला वाटलं रडेल. म्हणाली, “कांद्याकडे लक्ष ठेवा.”

म्हातारा तोवर धुक्यात शिरून पायवाटेने खाली गेलाही होता. त्याच्या काठीचा आवाज लांब जाताना मी ऐकला. ही बसमध्ये चढली. धुक्यात मला बसचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. कंडक्टरचा आवाज आला, “दोन ना?” ही काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. घंटी वाजली, गाडी गेली. कंडक्टर लोक मोजायला चुकतात, असं म्हणून मी आत आलो.

तोड निघाली नाही. पहिल्याच आठवड्यात तीनदा निघून पाहिलं. धुक्यातून सरळ खाली चालत गेलं की हेच दार समोर येतं. प्रथा लिहिली, पण अपवादाचं कलम लिहायला विसरलो. कारकुनाला यापरती नामुष्की नाही. सुटण्याची एकच रीत आहे आणि ती तुम्हाला आता कळलीच आहे. दोघांनी इथे जेवायचं, एकाने राहायचं. म्हणून मी आधी सांगतो. माझ्या खोडीपायी दुसऱ्या कोणाची जोडी मोडावी हे मला बरं वाटत नाही. ही मजेत देश बघतेय, जाईल तिथे माझ्या कालवणाची जाहिरात करतेय, पुष्कळ आहे. तेव्हा तुमचा कोट घ्या, बस अजून उभी आहे, आणि...

काय म्हणालात, ताई?

एकट्या नव्हत्या म्हणजे?

नाही, मला कोणी सांगितलं नाही. आधीच्या सात जोडप्यांना मी विचारलंच नाही कधी... बोलणं सगळं माझ्याकडेच असतं. बसा. बसा जरा. सावकाश सांगा. कुठे भेटली तुम्हाला?

नावाड्यांकडे. परत तिथेच? बरं. आणि बरोबर...

हो. मफलर.

नाही, हा इथेच आहे. बघा ना, तुमच्या कोटाशेजारी. खुंटी ठोकली त्या दिवसापासून तिथून हललेला नाही. त्यालाही भोक होतं? बोटाएवढं. बरं...

ती हसत होती का? तिला मोठ्याने हसायची सवय आहे. नव्हती? नुसती बघत होती... त्याच्याकडे. आणि तो जेवत होता. दोघांसाठी ताटं होती, पण शेजारच्या जागेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. ती काही तरी बोलायची, बाही ओढायची, आणि तो ताट निपटत राहायचा. जणू तिथे कोणी बसलेलंच नाही.

आणि निघताना तो काय म्हणाला?

...मला माहीत होतं तुम्ही तेच सांगणार. ती शेजारी उभी असताना. तिच्यासमोर. ‘पुढच्या वेळी हिला आणतो.’

आणि ती काय म्हणाली?... काहीच नाही. बाहेर आल्यावर तुम्हाला गाठलं तिने. तो पुढे चालत होता, थांबत नव्हता, म्हणून घाईघाईने बोलली. काय बोलली? जसंच्या तसं सांगा, ताई. एक शब्द बदलू नका.

‘एकेचाळीसला जा. जोडीनेच जा. ते काहीही सांगोत, जेवल्याशिवाय उठू नका.’

असं म्हणाली.

म्हणजे त्या सातांनाही तिनेच... आणि मी सातही वेळा, मोठ्या मनाने, ताटं पालथी घातली.

थांबा. वास आला का तुम्हाला? कांदा लागला. बोलण्याच्या नादात बघायचं राहिलं. रोज ठरवतो, आज नाही लागू द्यायचा. उतरवतो आता. करपला नाहीये फार, कालवणाला तेवढाच वास येईल. मला त्याची सवय आहे.

भोंगा वाजला. तुमच्याच गाडीचा. धुक्यातून कंडक्टर ओरडून विचारतोय, ऐकलंत? “दोन ना?” त्याला दोनच न्यायचेत. कोणते दोन, ते तो कधी विचारत नाही.

ताटं मी सकाळीच धुऊन ठेवली आहेत. दोनच आहेत. आणि आज मी तुम्हाला अजून ‘उठा’ म्हटलेलं नाही, ते तुमच्या लक्षात आलंय, ताई; तुमच्या यजमानांच्या नाही आलेलं. ते भुकेले दिसतात.